झेंड्याखाली उभं राहून काय बोलू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई पन्नाशीच्या आहेत, बँकेत नोकरी करतात आणि चौऱ्याऐंशी फ्लॅटच्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिव आहेत. १५ ऑगस्टला ध्वजारोहणानंतर पाच मिनिटं बोलण्याचं काम गेली सहा वर्षं त्यांच्याकडे आहे. यंदा मात्र त्यांना दोन ओळीही सुचत नाहीत. गेल्या डिसेंबरातल्या विशेष सभेत ठराव झाला की घरकाम करणाऱ्या बायका, सफाई कामगार आणि पार्सल आणणारी मुलं यांनी फक्त मागच्या लिफ्टनं ये-जा करायची. ताईंना तो पटला नव्हता, पण सभेत त्या गप्प राहिल्या आणि सचिव म्हणून इतिवृत्तात तो त्यांनीच लिहिला. परवा त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं विचारलं, “आई, समता आणि बंधुतेवर बोलायला तू कुठल्या लिफ्टनं खाली जाणार?” यजमानांचं म्हणणं, वर्षातून एकदा येणारा आनंदाचा दिवस आहे, त्या दिवशी हे उकरू नकोस. ताईंचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. “त्यांनी ज्या मूल्यांसाठी सोसलं, त्यांचं आपण काय करून ठेवलं,” असं त्या लिहितात आणि विचारतात, “भाषणाला नाही म्हणू, की खरं बोलून सगळ्यांचा दिवस खराब करू?”

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची अडचण दिसली. दुसऱ्यांदा त्या पत्रात कोण नाही, ते दिसलं. तुमची मुलगी त्यात बोलते, यजमान बोलतात, आजोबा आहेत, सभेतले सभासद आहेत. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींचं मात्र एकही वाक्य नाही. ज्या लिफ्टवरून तुमची झोप उडाली आहे, त्या लिफ्टबद्दल त्यांना काय वाटतं, हे मला कळलं नाही. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. तिकडे मी परत येणार आहे.

आधी ते “काय करून ठेवलं” बघू. या वाक्यात एक गृहीत धरलेलं आहे, आणि ते इतकं सर्रास धरलं जातं की खटकतही नाही. ते असं, की १९४७ साली ही मूल्यं आपल्या हातात अखंड, चकचकीत आली आणि मग आपण ती वापरून वापरून झिजवली. ज्यांनी ती लिहिली त्यांना असं वाटत नव्हतं. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री नेहरूंनी जे भाषण केलं, त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं, की दिलेला शब्द आपण आज पाळतो आहोत, पण पुरा नाही. त्या रात्री गांधीजी दिल्लीत नव्हतेच. ते कलकत्त्यात, बेलियाघाटा भागातल्या एका जुन्या घरात होते, आणि १५ ऑगस्टचा दिवस त्यांनी उपवास, प्रार्थना आणि सूतकताई यांत घालवला. आपल्याकडे, स्वातंत्र्याच्या जेमतेम तीन महिने आधी, मे १९४७मध्ये, साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले होते. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून. तिरंगा फडकणार हे तेव्हा दिसत होतं, तरी वाळवंटात सगळ्यांबरोबर नाचणाऱ्या भक्ताला देवळाच्या पायरीच्या आत जाता येत नव्हतं.

आणि २५ नोव्हेंबर १९४९. संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितलं, की २६ जानेवारी १९५०ला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकणार आहोत. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात विषमता. बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य यांची खोली रंगाच्या थराइतकीच राहील, हेही त्याच भाषणात आहे. नेहरूंनी डिसेंबर १९४६मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. तो मसुदा समितीनं नंतर संविधानाच्या उद्देशिकेत घातला. फाळणीच्या हिंसेनंतरच्या त्या महिन्यांत बंधुभावाची गरज कधी नव्हे इतकी आहे, असं समितीला वाटलं. म्हणजे हा शब्द जिथे कमी होता तिथेच लिहिला गेला.

आता एक काम करा. शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर असते ती मराठी उद्देशिका समोर घ्या आणि फक्त तिच्यातली क्रियापदं वाचा. गणराज्य “घडविण्याचा”. न्याय, स्वातंत्र्य आणि समानता “निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा”. बंधुता “प्रवर्धित करण्याचा”. आणि पुढे “संकल्पपूर्वक निर्धार करून”. भारतात समता आहे, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. झालं, केलं, मिळालं, असा सूरच नाही. घरातली मोठी माणसं कार्य ठरवताना बसतात आणि कोण काय करणार ते पक्कं करतात, तशी ती भाषा आहे. आपण पाठ केलेल्या प्रतिज्ञेतही तेच. परंपरांचा “मला अभिमान आहे” या वाक्याच्या लगेच पुढे, त्यांचा पाईक होण्याची “पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून मी सदैव प्रयत्न करीन”. अभिमान आज आहे, पात्रता अजून यायची आहे. दहा वर्षांची असल्यापासून आपण हे रोज सकाळी म्हणत होतो.

म्हणून ताई, मूल्यं आणि वागणं यांत अंतर आहे हे बोलून दाखवणं म्हणजे आजोबांच्या पिढीचा अपमान नाही. ती माणसं हेच बोलत होती.

तुमच्या दुसऱ्या गृहीतकाला हात घालताना मला स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या घरी मोरीशेजारच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा चहा त्या कपात. तो कप त्याच विसळून ठेवायच्या, आईनं तसं कधी सांगितल्याचंही मला आठवत नाही. सांगावं लागत नव्हतं. शाळेत समतेवरच्या निबंधाला मला पहिला नंबर मिळाला, तेव्हा तो कप तिथेच होता. कित्येक वर्षं मी स्वतःला विचारत राहिले, की त्या निबंधातली मी खोटी होते का? आज मला वाटतं, निबंधातली मी खोटी नव्हते. घरात मी आंधळी होते. कप दिसला तो त्या निबंधातल्या शब्दांमुळेच. ते शब्द मी लिहिलेच नसते, तर कोनाडा माझ्या डोळ्यांना आयुष्यभर कोनाडाच दिसला असता.

तुम्हाला वाटतं, की ज्याचे हात स्वच्छ त्यानंच झेंड्याखाली बोलावं. तसं ठरवलं तर तिथे कुणीच बोलणार नाही, आणि जो बोलेल त्याला आपल्या हातांकडे बघायची सवयच नसेल. दांभिकपणा वेगळा असतो. जे पाळायचं नाही असं मनात ठरलंय तेच मोठ्यानं बोलणं, हा दांभिकपणा. जे पाळता आलं नाही ते कबूल करून बोलणं हा नाही. तुमच्या मुलीचा प्रश्न याच रेषेवर उभा आहे. तुम्ही दुखावल्या गेलात हे पत्रात दिसतं, पण तिनं तुमच्या शब्दांची किंमत केली आहे, हे मात्र सोडू नका. ज्या मुलांना आईबापांचं भाषण म्हणजे नुसता आवाज वाटतो, ती असले प्रश्न विचारत नाहीत. फक्त, प्रश्न विचारून तिची सुटका होत नाही. तिलाही कामाला लावा, कसं ते पुढे सांगते.

यजमानांचंही एक म्हणणं मला पटतं. १५ ऑगस्ट हा आनंदाचाच दिवस आहे, आणि तो आनंद खोटा नाही. १९५१च्या जनगणनेत या देशात साक्षरता सुमारे १८ टक्के होती. त्या देशानं पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२मध्ये, सतरा कोटींहून जास्त माणसांना मतदार केलं. जमीन आहे का, शाळा शिकलात का, बाई की पुरुष, काही विचारलं नाही. त्या मतदार यादीची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. खूप बायकांनी नाव नोंदवताना स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं त्या यादीतून गळली. निर्णय कठोर होता, पण त्यामागे हट्ट होता तो असा, की या देशात मत देणारीला स्वतःचं नाव असलं पाहिजे.

तुमच्या गेटवरच्या वहीत मावशींची नोंद कशी होते, ते आज संध्याकाळी जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी ती फ्लॅटच्या नंबरापुढे “बाई” अशी असते.

तर यजमानांना सांगा, आनंद करायचाच आहे, जिलेबीही वाटायची आहे. पण आनंदाच्या दिवशी हिशेब काढू नये, हे आपल्याच रीतीला धरून नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी वही पुढ्यात ठेवूनच पूजा करतो. “आधी हे, मग ते” हा आपल्याकडचा जुना वाद आहे. टिळक आणि आगरकर १८८२मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र राहिले, आणि पुढे याच प्रश्नावर वेगळे झाले: आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा. आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८मध्ये सुधारक काढला. दोघांच्याही म्हणण्यात वजन होतं. पण टिळकांच्या बाजूचं “आधी” १९४७मध्ये मिळालं. त्यानंतर दुसरं काम पुढे ढकलायला कारण उरलेलं नाही, निदान १५ ऑगस्टला तरी नाही.

आता भाषण. नाही म्हणू नका. तुम्ही नाही म्हटलंत तर कुणीतरी दुसरं मागच्या वर्षीचेच शब्द बोलेल आणि तुमचं गप्प बसणं सभेतल्या गप्प बसण्याला जोडलं जाईल. पण झेंड्याखाली त्या ठरावावर वादही घालू नका. कारण साधं आहे: माइक तुमच्या हातात असेल, समोर पोरंबाळं, म्हातारी माणसं, रिमझिम पाऊस, आणि ज्यांनी ठरावाला हात वर केला त्यांना उत्तर द्यायची सोय नसेल. एकतर्फी बोलून तुम्ही त्यांना अपराधी कराल, आणि अपराधी वाटलेला माणूस सभेत जास्त हट्टानं हात वर करतो. पाचातली तीन मिनिटं उद्देशिकेला द्या. मुलांकडून एकेक ओळ वाचून घ्या, आणि ती क्रियापदं मी वर सांगितली तशी उलगडून दाखवा. आजोबांची आठवण सांगा. ती तुमची आहे, ऐकणाऱ्याला उसनी वाटणार नाही. शेवटी स्वतःबद्दल, फक्त स्वतःबद्दल, इतकंच: “डिसेंबरच्या सभेत एका ठरावाबद्दल माझ्या मनात शंका होती आणि मी ती मांडली नाही. ती माझी चूक झाली. येत्या वार्षिक सभेत मी तो विषय आणणार आहे. आज त्यावर वाद नको, आज जिलेबी.” आणि थांबा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. यंदा मावशींच्या किंवा वॉचमनकाकांच्या हस्ते ध्वजारोहण, असं सुचवायचा मोह होईल. ठराव तसाच ठेवून हे केलंत, तर त्यांना झेंड्याची दोरी ओढायला लावून पुन्हा मागच्या लिफ्टनं वर पाठवल्यासारखं होईल. फोटो चांगला येईल. तो फोटो त्यांनी घरी जाऊन कुठल्या मनानं बघायचा?

तुमचं खरं काम १५ ऑगस्टनंतर आहे. सहकारी सोसायटीला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस चौदा दिवस आधी काढावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. हा विषय विषयपत्रिकेवर रीतसर घ्या. ऐनवेळच्या विषयांत घुसवू नका, नाहीतर चर्चा लिफ्टवर न होता नियमावर होईल. नुसतं “ठराव रद्द करा” म्हणून जाऊ नका. मागच्या लिफ्टचा आग्रह धरणाऱ्यांच्या तक्रारी काय होत्या, ते तुमच्याच इतिवृत्तात असेल. सकाळी आठ-नऊला गर्दी, लिफ्टमध्ये सांडलेला कचरा, फर्निचर नेताना पडलेले ओरखडे. या तक्रारी खऱ्या असू शकतात, पण त्या सगळ्या वस्तूंच्या आहेत. मग नियम वस्तूंचा करा: जड सामान, कचरा आणि बांधकामाचं साहित्य मागच्या लिफ्टनं; माणसांना दोन्ही लिफ्ट खुल्या. असं लिहिलं की सिमेंटची गोणी नेणारा फ्लॅटमालकही मागच्या लिफ्टनं जाईल आणि रिकाम्या हातानं येणाऱ्या मावशी पुढच्या. जो याही शब्दांना विरोध करेल, त्याला निदान आपला विरोध कशाला आहे ते स्वतःशी बघावं लागेल. डिसेंबरच्या ठरावात जात लिहिलेली नाही हे मला ठाऊक आहे, आणि तुमच्या शेजाऱ्यांवर मी तो आरोप करत नाही. पण कुणाची वाट वेगळी, पाणी वेगळं, कप वेगळा, ही सवय आपल्या हाडांत किती जुनी आहे, ते सभेत शांतपणे बोलता येतं. तुम्ही तुमच्या घरापासून सुरुवात केलीत तर ऐकून घेतील.

मुलीला इथे घ्या. चौऱ्याऐंशीपैकी निम्म्या घरी तरी कुणीतरी आधी जाऊन बोललं पाहिजे. सभेत बदलणारी मतं थोडी. ती घरी, चहावर बदलतात. तिनं तिच्या वयाच्या मुलांना धरावं. विरोध करणाऱ्या काकांचं पूर्ण ऐकून, मध्ये न बोलता, परत यायचं, हे तिलाही शिकायला हवं आहे.

आणि या सगळ्याच्या आधी मावशींशी बोला. “तुमच्यासाठी लढतेय” असं सांगायला नको. त्यांना विचारा. कदाचित लिफ्ट त्यांच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या नंबरवर असेल. कदाचित त्या म्हणतील, ताई, चार घरं करते, दिवसभरात बाथरूमला जायची सोय कुठेच नाही, आधी ते बघा. किंवा महिन्याला दोन सुट्ट्या पगार न कापता द्या. किंवा असंही म्हणतील, की या भानगडीत मला ओढू नका, माझं काम जाईल. हे तिसरं उत्तर आलं तर त्यांचं नाव कुठेही येऊ देऊ नका. व्यक्तीची प्रतिष्ठा हे शब्द उद्देशिकेत बंधुतेच्या ओळीत आहेत, राष्ट्राच्या एकतेच्या आधी.

तुमच्यासारखी अडचण आलेले आणखी बरेच जण असतील, कुणाला शाळेत बोलायचं आहे, कुणाला ऑफिसात, कुणाला गावच्या पारावर. त्यांनाही मी हेच सांगेन: भाषण कुठल्या मूल्यावर करायचं हे ठरवताना, त्या जागेत तुमचा हात पोचतो असं एक काम आधी शोधा. शिक्षक असाल तर वर्गात झाडू कोणाच्या हाती जातो ते बघा. गावात असाल तर १५ ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा असते, तिथे किती बायका बोलल्या ते मोजा. काम सापडलं की भाषण आपसूक लहान होतं.

आता सभेनंतरचं. समजा, ठराव तुमच्या बाजूनं झाला. त्यानं काम संपलं असं समजू नका. १९२३मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही पुढच्या वर्षी केला. कागद सगळे बरोबर होते. तरी तळ्याच्या पायऱ्या उतरायची कुणाची छाती होत नव्हती, कारण ठरावानं भीती जात नाही. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तिथे गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर मारहाण झाली, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, कोर्टकचेरी कित्येक वर्षं चालली.

तुमच्या सोसायटीत इतकं सोसावं लागणार नाही. पण नोटीस बोर्डावर नवा नियम लागला, तरी दुसऱ्या दिवशी मावशी सवयीनं मागच्या बाजूलाच वळतील. नऊ महिने वळत आल्या आहेत. त्या किती वाजता येतात ते विचारून ठेवा. त्या दिवशी बँकेत पोचायला थोडा उशीर झाला तरी चालेल. त्या वेळी खाली जा, पुढच्या लिफ्टपाशी थांबा, आणि त्यांना नावानं हाक मारा.